अल्गोरिदम शिकायचे असतील तर आधी वेळेचा अंदाज लिहा

प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजात अल्गोरिदमचा विषय होऊन गेला आहे, सॉर्टिंग, ट्री, ग्राफ यांची नावं आणि प्रत्येकाचा बिग-ओ (इनपुट वाढलं की काम किती वेगाने वाढतं याचं माप) पाठ आहे, सरावाचे पुष्कळ प्रश्नही सोडवून झाले आहेत. तरी नवा प्रश्न समोर आला की सुरुवात कुठून करायची ते सुचत नाही. आणि नोकरीतल्या रोजच्या कोडमध्ये या सगळ्याचा उपयोग नेमका कुठे होतो तेही दिसत नाही. मग शिकायचं काय, कोणत्या क्रमाने, आणि गणित किती लागतं?

माझं सगळं उत्तर एका सवयीभोवती फिरतं, म्हणून ती आधीच सांगतो. कोड चालवण्याआधी तो किती वेळ घेईल याचा आकडा लिहून ठेवायचा. "एन स्क्वेअर आहे" (एन म्हणजे इनपुटमधल्या घटकांची संख्या) एवढ्यावर थांबायचं नाही. "२ लाख नोंदींना साधारण तीन मिनिटं" असा थेट मिनिटा-सेकंदांत लिहायचा. मग चालवायचं. आकडा जवळपास जुळला तर तो कोड तुम्हाला कळला आहे. दहापट चुकला तर त्या कोडमध्ये असं काहीतरी घडतंय जे तुमच्या नजरेतून सुटलं, आणि ते शोधून काढताना जे शिकायला मिळतं ते कुठल्याही व्हिडिओत मिळत नाही. बहुतेक जण उलट वाटेने जातात. आधी चालवून बघतात, मंद वाटलं की वेगवान पद्धत शोधतात आणि चिकटवतात. अशाने पद्धतींचा साठा वाढतो, पण प्रश्नाकडे बघायची नजर तयार होत नाही.

अंदाजाला लागणारं गणित अगदी थोडं आहे. सी प्लस प्लससारख्या भाषेत सेकंदाला साधारण १० कोटी साध्या क्रिया धरा. प्रत्यक्षात अनेकदा जास्त होतात, पण अंदाजासाठी हा आकडा भरवशाचा. पायथनच्या साध्या लूपला १ कोटी धरा. आता प्रश्नात दिलेल्या इनपुटच्या आकाराकडे बघा. २० च्या आसपास असेल तर सगळे उपसंच तपासले तरी चालतं, कारण २ चा विसावा घात म्हणजे साडेदहा लाखांच्या आतच. ५०० असेल तर एकात एक तीन लूप परवडतात, साडेबारा कोटी क्रिया होतात. ५,००० असेल तर दोन लूप. १० लाख असेल तर दोन लूपचा विचारही करायचा नाही. तिथे एन लॉग एन हवं, म्हणजे एन गुणिले तो किती वेळा निम्मा होतो तो आकडा. १० लाखांचे निम्मे-निम्मे करत गेलं तर २० वेळांत १ उरतो, म्हणून हिशेब २ कोटींचा, आणि तो सेकंदात बसतो.

हेच गणित उलट दिशेने वाचायला शिका. इनपुटचा आकार हा अर्धा इशारा असतो. १० लाख नोंदी आणि एक सेकंद असं दिसलं की उत्तरात सॉर्टिंग, हॅश (किल्लीवरून किंमत थेट शोधणारा तक्ता), हीप (सर्वांत लहान घटक पटकन देणारी रचना), बायनरी सर्च (दर वेळी निम्मा भाग टाकत शोधणं) किंवा एकच सरळ फेरी यांपैकी काहीतरी असणार, हे कोडची एक ओळही लिहिण्याआधी कळतं. "सुरुवात कुठून करू" या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

उरलेलं निम्मं एका उदाहरणावर दाखवतो.

एका खात्यातल्या नोंदी क्रमाने दिल्या आहेत. जमा असेल तर धन आकडा, खर्च असेल तर ऋण. लागोपाठच्या नोंदींचे असे किती तुकडे आहेत, की ज्यांची बेरीज बरोबर "के" येते? नोंदी २ लाखांपर्यंत.

सर्वांत सरळ मार्ग: प्रत्येक सुरुवात घ्या, प्रत्येक शेवट घ्या, मधली बेरीज करा. तीन लूप. क्रिया साधारण एन घन भागिले ६, म्हणजे २ लाखांसाठी १३ वर चौदा शून्यं. सेकंदाला १० कोटी धरले तर सुमारे पाच महिने. हा आकडा खरंच लिहून बघा. "ओ ऑफ एन क्यूब" म्हणताना अंगावर काटा येत नाही, "पाच महिने" म्हणताना येतो.

पण हा कोड टाकायचा नाही, लिहून ठेवायचा. त्याचा उपयोग पुढे आहे.

आता विचारायचा प्रश्न एकच: हा कोड कोणतं काम पुन्हा पुन्हा करतोय? पाचव्या ते नवव्या नोंदीची बेरीज केली, मग पाचव्या ते दहाव्या नोंदीची बेरीज पहिल्यापासून सुरू केली. आधीच्या बेरजेत फक्त दहावी मिळवायची होती. ही एक दुरुस्ती केली की तिसरा लूप गळून पडतो. उरतात एन स्क्वेअर भागिले २, म्हणजे २,००० कोटी क्रिया, अंदाजे २०० सेकंद. पाच महिन्यांवरून सव्वातीन मिनिटांवर आलो, आणि यात कुठलाही नावाचा अल्गोरिदम वापरलेला नाही.

पुन्हा तोच प्रश्न. आता काय दुबार होतंय? प्रत्येक सुरुवातीसाठी पुढचे सगळे शेवट आपण चाळतोय, आणि त्यातले बहुतेक निकामी आहेत. इथे प्रश्न वेगळ्या शब्दांत मांडावा लागतो. पहिल्या नोंदीपासूनची चालू बेरीज काढत गेलं, तर कुठल्याही तुकड्याची बेरीज म्हणजे दोन चालू बेरजांमधला फरक. मग प्रत्येक शेवटाशी उभं राहून मागे वळून विचारायचं: माझ्या चालू बेरजेपेक्षा बरोबर "के" ने कमी असलेली चालू बेरीज याआधी किती वेळा येऊन गेली? ती मोजदाद ठेवायला हॅश मॅप. एकच फेरी.

छोट्या इनपुटवर हाताने चालवून बघू. नोंदी ३, −१, २, −२, ४ आणि के म्हणजे २. एकही नोंद घेण्याआधीची चालू बेरीज ० आहे, ती मॅपमध्ये एकदा आली म्हणून नोंदवू. पहिल्या नोंदीनंतर बेरीज ३, हवी १, ती नाही. दुसरीनंतर २, हवी ०, ती एकदा आहे, मोजणी १. तिसरीनंतर ४, हवी २, एकदा आहे, मोजणी २. चौथीनंतर पुन्हा २, हवी ०, मोजणी ३. पाचवीनंतर ६, हवी ४, मोजणी ४. उत्तर ४. सुरुवातीचा तो ० नोंदवायचा विसरला तर पहिल्या नोंदीपासून सुरू होणारे दोन तुकडे निसटतात आणि उत्तर २ येतं. ही चूक कोड वाचून पटकन दिसत नाही, हाताने चालवताना मात्र लगेच अडखळायला होतं. म्हणून नवीन काही शिकताना पाच घटकांचं इनपुट कागदावर चालवणं मी कधीच सोडू देत नाही.

याच प्रश्नावर "स्लायडिंग विंडो" लावणारे खूप भेटतात. बेरीज कमी पडली की उजवी बाजू वाढवायची, जास्त झाली की डावी सरकवायची. सगळ्या नोंदी धन असत्या तर ते बरोबर होतं, कारण तेव्हा खिडकी वाढवली की बेरीज वाढतेच. ऋण नोंदी आल्या की हा आधारच जातो. पद्धत पाठ असणं आणि ती कोणत्या अटीवर उभी आहे ते माहीत असणं यांतला फरक हा असा दिसतो. तुमच्या वहीत प्रत्येक पद्धतीपुढे तिचा बिग-ओ लिहिलेला असेल; त्याच्या शेजारी "कोणती अट मोडली की ही चुकते" असा एक रकाना वाढवा.

आता तो पाच महिन्यांचा कोड बाहेर काढा. लहान यादृच्छिक इनपुट बनवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहा: नोंदी आठपर्यंत, किमती −३ ते ३ मध्ये. दोन्ही कोड त्यावर हजारो वेळा चालवा आणि जिथे उत्तरं वेगळी येतील तिथे थांबा. किमती मुद्दाम लहान ठेवायच्या. मोठे आकडे दिले तर बेरीज "के" शी क्वचितच जुळते, दोन्ही कोड ० म्हणतात आणि चूक लपून राहते. सापडलेलं इनपुटही पाच-सहा घटकांचं असतं, त्यामुळे कारण चटकन कळतं. इतक्या कमी कष्टात इतका भरवसा देणारी दुसरी सवय मला माहीत नाही, आणि अभ्यासक्रमात तिला जवळजवळ जागाच नसते याचं मला वाईट वाटतं.

नोकरीत उपयोग कुठे, या प्रश्नाकडे येतो. तिथे नवा अल्गोरिदम शोधायची वेळ क्वचित येते. नेहमी येते ती नकळत लिहिल्या गेलेल्या एन स्क्वेअरची वेळ. कोड रिव्ह्यूमध्ये मला सर्वांत जास्त दिसणारा दोष हाच. दोन लूप एकात एक दिसले असते तर कुणीही हटकलं असतं, पण दुसरा लूप एका निरुपद्रवी ओळीत दडलेला असतो. पायथनच्या लूपमध्ये "ही किंमत या लिस्टमध्ये आहे का" असं विचारलं की ती एक ओळ सगळी लिस्ट चाळते. ग्राफमध्ये (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं जाळं) पातळीनुसार फिरताना रांग म्हणून साधी लिस्ट वापरली आणि पुढचा घटक काढत गेलं, तर दर वेळी मागचे सगळे घटक एकेक घर पुढे सरकतात; त्यासाठी डेक, म्हणजे दोन्ही टोकांनी झटकन काढता-घालता येणारी रांग, असतं. रिकर्शनमध्ये (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) दर वेळी लिस्टचा तुकडा कापून पुढे दिला तर प्रत्येक तुकडा म्हणजे नवी प्रत. लूपच्या आत डेटाबेसला प्रश्न विचारणं हा याच कुळातला, आणि बहुधा सर्वांत महागडा प्रकार.

याचं एक गाजलेलं उदाहरण २०२१ मधलं आहे. ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन हा खेळ सुरू व्हायला कित्येक मिनिटं लागायची. एका खेळाडूने प्रोफायलर (कुठल्या कोडला किती वेळ लागतो ते मोजणारं साधन) लावून शोध घेतला. सुरुवातीला खेळ जवळपास १० एमबीची एक जेसन (माहिती मजकुराच्या रूपात साठवण्याची पद्धत) फाइल वाचत होता, तिच्यात सुमारे ६३,००० नोंदी. वाचताना वापरलेलं सी भाषेतलं तयार फंक्शन प्रत्येक छोटा घटक उचलण्याआधी उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी नव्याने मोजत होतं. पुढचा टप्पा त्याहून बोलका: प्रत्येक नवी नोंद आधी आली आहे का हे बघायला ती आधीच्या सगळ्या नोंदींशी एकेक करून ताडली जायची. ६३,००० चा वर्ग भागिले २, म्हणजे जवळजवळ १९८ कोटी तुलना. आणि त्या नोंदींत पुनरावृत्ती नव्हतीच. लांबी एकदाच मोजून ठेवली आणि तपासणीतला तो वळसा काढला, तेव्हा सहा मिनिटांचा वेळ दोनच्या खाली आला. कंपनीनेही नंतर ही सुधारणा खेळात आणली. दोन्ही ठिकाणचा कोड तपासणाऱ्याच्या मशीनवर, शंभरेक नोंदींवर, झटकन चालला असणार. १०० चा वर्ग १०,०००. तो कुणाच्या लक्षात येणार?

म्हणूनच एका आकारावर वेळ मोजून काही कळत नाही. आकार दुप्पट करत जा आणि वेळांचं गुणोत्तर बघा. समजा १०,००० ला ०.३ सेकंद, २०,००० ला १.२, ४०,००० ला ४.९. दर वेळी साधारण चौपट, म्हणजे एन स्क्वेअर. दुप्पट आलं तर रेषीय, दुपटीहून किंचित जास्त आलं तर बहुधा एन लॉग एन, आठपट आलं तर घन. दुसऱ्याने लिहिलेली लायब्ररी असो, आतला कोड दिसत नसो, ही चाचणी चालते. फक्त आकार पुरेसा मोठा घ्या. काही मिलिसेकंदांच्या मोजणीत प्रोग्रॅम सुरू होण्याचाच वेळ जास्त असतो.

अंदाज आणि घड्याळ यांच्यात तफावत पडण्याची आणखी दोन मोठी कारणं आहेत.

पहिलं मेमरी. सी मध्ये १०,००० गुणिले १०,००० चा पूर्णांकांचा अॅरे घ्या आणि सगळ्यांची बेरीज करा, एकदा ओळीने आणि एकदा स्तंभाने. दोन्हीकडे १० कोटी बेरजा, बिग-ओ तोच. तरी स्तंभाने जाणारा कोड कित्येक पट मंद चालतो. प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा उचलत नाही. बहुतेक प्रोसेसर ६४ बाइटांचा सबंध सलग पट्टा कॅशमध्ये (जवळच्या छोट्या वेगवान मेमरीत) आणतात, त्यात ४ बाइटांचे १६ आकडे बसतात. ओळीने गेलं तर सोळाही वापरात येतात. स्तंभाने गेलं तर एक वापरला जातो आणि बाकीचे पंधरा, त्यांची पाळी येईपर्यंत, बहुधा कॅशबाहेर गेलेले असतात. लिंक्ड लिस्ट (प्रत्येक घटकात पुढच्याचा पत्ता ठेवणारी यादी) पुस्तकात जितकी आकर्षक दिसते तितकी प्रत्यक्षात चालत नाही त्याचंही मुख्य कारण हेच. बिग-ओ ला हे दिसत नाही, आणि ते दाखवणं त्याचं कामही नाही. म्हणून मोजणं हा विश्लेषणाचाच भाग समजा.

दुसरं कारण म्हणजे वाईटात वाईट इनपुट. संगणकशास्त्रज्ञ होअर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेला क्विकसॉर्ट सरासरीला उत्तम, पण पहिलाच घटक पिव्हट (ज्याच्याशी ताडून लहान-मोठे गट पाडतात तो) धरला आणि आधीच क्रमाने लावलेलं इनपुट आलं तर १ लाख घटकांना ५०० कोटी तुलना होतात, शिवाय रिकर्शनची खोली १ लाखावर जाते. आणि क्रमाने लावलेलं इनपुट ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. व्यवहारातला डेटा बऱ्याचदा जवळजवळ क्रमानेच येतो. १९९७ मध्ये मसर यांनी यावर उपाय सुचवला: क्विकसॉर्टच सुरू ठेवा, खोली मर्यादेबाहेर गेली की वाईट इनपुटवरही एन लॉग एन राहणाऱ्या हीपसॉर्टकडे वळा. पायथनसाठी टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिलेला टिमसॉर्ट तर डेटातले आधीपासून क्रमाने असलेले पट्टे हुडकून त्यांचाच फायदा उठवतो. या दोन सॉर्टची रचना समजून घ्या. एकच शुद्ध पद्धत घेऊन कुणी थांबत नाही, लहान तुकड्यांना इन्सर्शन सॉर्ट, मोठ्यांना दुसरं काही, बिघडलं तर तिसरं, असं जोडकाम कसं केलं जातं ते त्यातून कळतं.

हॅश मॅपचंही तसंच. "ओ ऑफ वन" हे सरासरीचं बोलणं आहे. सगळ्या किल्ल्या एकाच कप्प्यात पडतील असं इनपुट कुणी मुद्दाम बनवलं तर दर शोध रेषीय होतो. २०११ च्या शेवटी अनेक वेब भाषांवर असा हल्ला करता येतो हे जाहीर प्रात्यक्षिकाने दाखवलं गेलं. त्यानंतर पायथनने २०१२ मधल्या ३.३ आवृत्तीपासून स्ट्रिंगच्या हॅशमध्ये यादृच्छिकता आपोआप लागू केली. इनपुट बाहेरच्या माणसाच्या हातात असेल तर सरासरीवर विसंबायचं नाही, एवढं यातून घ्या.

गणित किती, याबद्दल लोक उगाच धास्तावतात. लॉगॅरिदम, १ ते एन ची बेरीज, गुणोत्तर श्रेणी, थोडी शक्यता, आणि इंडक्शनने सिद्ध करण्याची पद्धत. बहुतांश कामाला एवढं पुरतं. रिकरन्ससाठी (मोठ्या प्रश्नाचा वेळ छोट्या प्रश्नांच्या वेळांत मांडणारं समीकरण) सूत्र पाठ करण्याआधी झाड काढून पातळ्या मोजायला शिका. कारात्सुबांचा गुणाकार यासाठी मला सर्वांत आवडतो. १९६० मध्ये गणितज्ञ कोल्मोगोरोव यांचा कयास होता की एन अंकी दोन संख्यांच्या गुणाकाराला एन स्क्वेअरच्या प्रमाणात क्रिया लागणारच. तेवीस वर्षांच्या कारात्सुबांनी आठवड्याभरात तो खोटा ठरवला. ४७ गुणिले ८६ घ्या. शाळेतल्या रीतीने चार गुणाकार: ४×८, ४×६, ७×८, ७×६. पण मधल्या दोघांची फक्त बेरीज हवी असते, ते सुटे नको असतात. ४+७ म्हणजे ११, ८+६ म्हणजे १४, गुणाकार १५४. त्यातून ३२ आणि ४२ वजा केले की ८० उरतात, आणि २४+५६ म्हणजेच ८०. चाराच्या जागी तीन गुणाकार झाले. उत्तर ३,२०० + ८०० + ४२ = ४,०४२. आता १,०२४ अंकी संख्या निम्म्या करत न्या: दहा पातळ्या. चार फांद्यांचं झाड शेवटी १०,४८,५७६ गुणाकारांवर पोचतं, तीन फांद्यांचं ५९,०४९ वर. एका फांदीने केवढा फरक पडला ते झाडच सांगतं. आणि इथेही शोध लागला तो "यातलं कोणतं काम मला खरं तर नकोच आहे" या प्रश्नातून.

बरोबर असण्याबद्दल. ग्रीडी पद्धतीत, म्हणजे दर पावलाला त्या क्षणी उत्तम दिसेल ते घेण्यात, माणसं सर्वांत जास्त फसतात, कारण ती पटते. १, ३ आणि ४ ची नाणी असतील आणि ६ करायचे असतील तर मोठं नाणं आधी घेणारी पद्धत ४+१+१ अशी तीन नाणी देते. ३+३ दोनच आहेत. एका खोलीत जास्तीत जास्त बैठका बसवायच्या तर "सर्वांत छोटी आधी" हेही पटतं, पण १ ते ५, ४ ते ७, ६ ते १० अशा तीन बैठकांत ते फसतं: मधली छोटी घेतली की दोन्ही बाजूच्या जातात. "जी सर्वांत आधी संपते ती आधी" हे मात्र बरोबर आहे, आणि कारण दोन वाक्यांत सांगता येतं: कोणत्याही उत्तम वेळापत्रकातली पहिली बैठक काढून तिच्या जागी सर्वांत आधी संपणारी ठेवा. ती उशिरा संपत नाही, म्हणून पुढच्या कुणाला अडथळा होत नाही. हा अदलाबदलीचा युक्तिवाद जमला तर ग्रीडी लिहा, नाही जमला तर आधी उलट उदाहरण शोधा.

लूपच्या बाबतीत हेच काम इन्व्हेरियंट करतो: प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला काय खरं असतं ते एका वाक्यात लिहायचं. बायनरी सर्च असा लिहून बघा, "उत्तर असेल तर ते डाव्या आणि उजव्या खुणेच्या मध्येच आहे", आणि प्रत्येक ओळ या वाक्याला जागते का ते तपासा. तरीही मशीनचं भान हवंच. २००६ मध्ये जाहीर झालं, की जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतला बायनरी सर्च कित्येक वर्षं सदोष होता: मधली जागा काढताना दोन खुणांची बेरीज ३२ बिटांत मावेनाशी झाली की ती ऋण व्हायची. दोष दिसायला शंभर कोटींहून मोठा अॅरे लागत होता, म्हणून तो इतका काळ दबून राहिला.

बायनरी सर्चचा खरा आवाका मात्र क्रमाने लावलेल्या अॅरेच्या पलीकडे आहे. ओळीने आलेली कामं दहा सर्व्हरवर सलग तुकड्यांनी वाटायची आणि सर्वांत जड सर्व्हरवरचा भार कमीत कमी ठेवायचा. थेट सुचत नाही. पण "भार अमुक मर्यादेत ठेवून जमेल का" हे एका फेरीत तपासता येतं, आणि एका मर्यादेला जमलं तर तिच्याहून मोठ्या प्रत्येक मर्यादेला जमतं. मग मर्यादेवरच बायनरी सर्च. एकूण भार १०० लाख कोटी असला तरी ४७ फेऱ्यांत उत्तर.

डायनॅमिक प्रोग्रामिंगवर फार लिहीत नाही, कारण वर जे केलं तेच ते आहे: रिकर्शनने ब्रूट फोर्स (सगळ्या शक्यता तपासणारा सरळ कोड) लिहा, तेच प्रश्न परत परत येताहेत का बघा, येत असतील तर उत्तरं साठवा. तक्त्यापासून सुरुवात करू नका. अवस्था (साठवायचे वेगवेगळे छोटे प्रश्न) किती, आणि प्रत्येक अवस्थेला काम किती, यांचा गुणाकार म्हणजे वेळ.

क्रमाचं म्हणाल तर: अॅरे, सॉर्टिंग, बायनरी सर्च आणि हॅश यांवर महिनाभर तरी रेंगाळा. मग रिकर्शन, मग ग्राफवरच्या दोन फेऱ्या, रुंदीची आणि खोलीची, आणि डायक्स्ट्रा (सर्वांत कमी अंतराचा मार्ग शोधणारा अल्गोरिदम). मग डायनॅमिक प्रोग्रामिंग. सेगमेंट ट्री, फ्लो, स्ट्रिंगचे खास अल्गोरिदम गरज पडेल तेव्हा. एका प्रश्नाला तासभर झगडा. नाहीच जमलं तर उत्तर वाचा, पण ते बंद करून दोन दिवसांनी कोऱ्या फाइलवर पुन्हा लिहा. आठवड्याला चार प्रश्न असे केले तर रोज पाच उरकण्यापेक्षा जास्त पदरात पडतं, हे माझं ठाम मत आहे.

शेवटचा भाग बरेच जण गाळतात: वेगवान उत्तर नसेलच तर? संगणकशास्त्रज्ञ कुक यांनी १९७१ मध्ये आणि कार्प यांनी १९७२ मध्ये २१ प्रश्नांसह जे दाखवलं, त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की काही प्रश्नांना सर्व इनपुटांवर वेगवान आणि अचूक पद्धत कुणालाच सापडलेली नाही, आणि त्यातल्या एकाला सापडली तर सगळ्यांनाच सापडेल. प्रत्येक ठिकाणाला एकदा भेट देऊन सर्वांत छोटी फेरी काढणं हा त्यातलाच. २० ठिकाणं असतील तर उपसंचांवर डायनॅमिक प्रोग्रामिंग करून सुमारे ४२ कोटी क्रियांत अचूक उत्तर मिळतं. २,००० असतील तर काही सेकंदांत हमखास अचूक उत्तर मिळेल असं धरून चालायचं नाही. एक बऱ्यापैकी फेरी बनवायची आणि दोन-दोन कडा (दोन ठिकाणांना जोडणारे रस्ते) अदलून बदलून ती सुधारत न्यायची. ती किती चांगली आहे हे सर्वोत्तम फेरी माहीत नसतानाही सांगता येतं. कोणत्याही फेरीतली एक कड काढली की सगळ्या ठिकाणांना जोडणारं झाड उरतं, म्हणून मिनिमम स्पॅनिंग ट्रीची, म्हणजे अशा सर्वांत छोट्या झाडाची, लांबी कोणत्याही फेरीहून जास्त असूच शकत नाही. तो ट्री काही ओळींच्या कोडने निघतो. तुमची फेरी त्याच्या १.३ पट भरली, तर सर्वोत्तम फेरीच्या ती जास्तीत जास्त १.३ पट आहे, आणि हा आकडा तुम्ही अहवालात हमी म्हणून लिहू शकता.